भाड्याने देण्यासाठी घर घेताना

नोकरीतून निवृत्त होताना हातात भविष्य निर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम येते आणि तिच्या पाठोपाठ सल्ले येतात. नवी मुंबईत राहणाऱ्याला त्यातला एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो : 'एखादा फ्लॅट घेऊन टाका, पेन्शनसारखे भाडे येत राहील.' नोकरीला लागून पाच-सात वर्षे झालेल्या मुलामुलींनाही असाच सल्ला वेगळ्या शब्दांत मिळतो. 'कर्ज काढा, हप्ते भाडेकरूच फेडील.' यातले पहिले वाक्य अर्धवट खरे आहे. दुसरे मात्र आज नवी मुंबईत घर घेणाऱ्याच्या बाबतीत साफ चुकीचे आहे. ते का, हे आधी पाहू.

या सल्ल्यांचा आवाज अलीकडे वाढला आहे, त्याला कारणही आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी उरणच्या लोकलचेही झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. उलवे, खारघर, पनवेल, द्रोणागिरी ही नावे जाहिरातींत रोज दिसतात. पण याच विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ साली मिळाली होती आणि पायाभरणी २०१८ साली झाली, हेही लक्षात ठेवावे. 'विमानतळ येतोय' म्हणून २००७ साली घर घेणाऱ्याने पहिले विमान पाहीपर्यंत अठरा वर्षे गेली. प्रकल्प होतात, पण ते आपल्या हप्त्यांच्या वेळापत्रकाने होत नाहीत. म्हणून हिशेब करायचा तो आजच्या भाड्याचा.

भाड्यासाठी घर घेणाऱ्याने हिशेब भाड्यापासून सुरू करून किमतीकडे जावे. आपण नेमके उलटे करतो. घर आवडते, किंमत ठरते आणि मग भाडे किती येईल ते विचारतो. विचारतो तेही त्याच दलालाला! त्यापेक्षा त्या इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत सध्या राहणारे भाडेकरू प्रत्यक्षात किती देतात, ते काढावे. जाहिरातीतले भाडे म्हणजे मालकाची अपेक्षा असते. खरे भाडे सोसायटीच्या पहारेकऱ्याला किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला बहुधा ठाऊक असते.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घालून पाहावेत. समजा, वन बीएचके घराची किंमत ६० लाख रुपये आहे आणि त्याला महिना १७ हजार रुपये भाडे येते. वर्षाचे झाले २ लाख ४ हजार. म्हणजे ३.४ टक्के. ठीक आहे, असे वाटते. पण घर ६० लाखांत पडत नाही. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरले तर ४ लाख २० हजार, नोंदणी शुल्क ३० हजार, दलाली एक टक्का म्हणजे ६० हजार, सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य २५ हजार. सिडकोचे हस्तांतरण शुल्क, वकील आणि किरकोळ दुरुस्ती मिळून १ लाख १५ हजार धरा. घर पडले साडेसहासष्ट लाखांना. (खरेदी घरातल्या स्त्रीच्या नावावर केली तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती सोडू नये.)

आता येणाऱ्या भाड्याकडे पाहू. वर्षातला एक महिना घर रिकामे राहील असे धरायलाच हवे. उरले ११ महिने, म्हणजे १ लाख ८७ हजार. मेंटेनन्स बहुतेक ठिकाणी मालकच भरतो. महिना अडीच हजार, वर्षाचे ३० हजार. मालमत्ता कर सहा हजार. भाडेकरू आणून देणाऱ्या एजंटाची दलाली, सरासरीने वर्षाला अर्ध्या महिन्याचे भाडे म्हणजे साडेआठ हजार. रंग, नळ, गिझर, दाराचे कुलूप यांचे मिळून १२ हजार. शिवाय मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, सुमारे १८०० रुपये. एकूण ५८ हजार ३०० वजा जाता हातात राहतात १ लाख २८ हजार ७००. साडेसहासष्ट लाखांवर हे दोन टक्केसुद्धा नाहीत.

हीच रक्कम कर्जाची असेल तर चित्र आणखी स्पष्ट होते. ६० लाखांपैकी ४८ लाख बँकेने दिले, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे, तर महिन्याचा हप्ता साधारण ४१ हजार ६५० रुपये बसतो. भाडे १७ हजार. उरलेले साडेचोवीस हजार, शिवाय मेंटेनन्स, कुणाच्या खिशातून जाणार? भाडेकरू हप्ते फेडत नाही, तो त्यात थोडा हातभार लावतो.

मग लोक घर का घेतात? किंमत वाढेल म्हणून, मुले पुढे राहतील म्हणून, आणि भाडे महागाईबरोबर हळूहळू वाढत जाते म्हणून. ही सगळी कारणे समजण्यासारखी आहेत. मात्र ज्याला पुढच्या महिन्यापासून घरखर्चाला पैसे हवेत, अशा निवृत्त माणसाने सगळी पुंजी एका फ्लॅटमध्ये घालणे मला धोक्याचे वाटते. टपाल खात्यातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. तीस लाखांच्या मर्यादेपर्यंत तिथे ठेवलेल्या पैशाला ना रंग लावावा लागतो, ना नळ बदलावा लागतो. आजारपणात फ्लॅटची एक खोली तेवढी विकता येत नाही, हेही विसरू नये.

हे सारे जमेस धरूनही घर घ्यायचे ठरले, तर पुढचा प्रश्न कुठे घ्यायचे हा. इथे स्वतःची आवड बाजूला ठेवावी लागते. या घरात राहणार कोण, ते घर घेण्याआधी ठरवायचे. नवी मुंबईच्या प्रत्येक नोडचा भाडेकरू वेगळा आहे. ऐरोली-घणसोलीत माइंडस्पेस, रिलायन्स कॉर्पोरेट पार्क आणि महापेच्या कंपन्यांतली तरुण मंडळी येतात. दोघे-तिघे मिळून घर घेतात. वाशी-तुर्भ्यात कृषी उत्पन्न बाजार समितीशी संबंधित व्यापारी आणि कर्मचारी. नेरुळ आणि खारघरमध्ये महाविद्यालयांचे विद्यार्थी. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक आहे. तिथे महिनोन् महिने उपचार घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक तीन-चार महिन्यांसाठी जागा शोधत असतात. द्रोणागिरी-उरणकडे बंदराशी जोडलेली कामे. आपण बघत असलेले घर यातल्या कुणाच्या पायवाटेवर आहे, हे स्वतः त्या वेळी जाऊन पाहावे. सकाळी आठ वाजता स्टेशनपर्यंत चालत किती मिनिटे लागतात? जाहिरातीतली 'पाच मिनिटे' बहुधा मोटारीची असतात.

रेल्वेने या शहराचे भाडे ठरवले, असे म्हणायला हरकत नाही. मानखुर्द-वाशी लोकल १९९२ साली सुरू झाली, आणि नव्वदचे दशक संपण्याआधी ती पनवेलला पोचली. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावू लागली आणि तळोज्याकडच्या घरांचा भाडेकरू बदलला.

स्टेशनइतकाच महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे, त्यामुळे दिघ्यापासून बेलापूरपर्यंत पाण्याची बाजू बरी. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे हा भाग त्या महापालिकेत नाही. तिथे उन्हाळ्यात काही सोसायट्यांना टँकर मागवावे लागतात. घर पाहायला एप्रिल-मे महिन्यात जावे आणि टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या बिलात किती दिसतो ते विचारावे. त्याच भागात आणखी एक गोष्ट तपासायची. पनवेल महापालिका २०१६ साली झाली आणि मालमत्ता कराची बिले मागाहून, स्थापनेच्या तारखेपासूनची आकारणी धरून आली. त्यावरून मोठा वाद झाला. विकणाऱ्याने हा कर भरला आहे का, याची पावती पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत नवी मुंबईची गोष्ट राज्यातल्या इतर शहरांपेक्षा वेगळी आहे. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. ९५ गावांच्या हद्दीतली जमीन या शहरासाठी ठरली, शासनाने ती संपादन करून सिडकोकडे दिली आणि सिडकोने भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. त्यामुळे इथे फ्लॅट घेणारा सहसा खालच्या जमिनीचा मालक नसतो. गंमत बघा, भाड्याने घर देणारा हा मालक स्वतःही एका अर्थी पट्टेदारच! फ्लॅट हस्तांतरित करायचा तर सिडकोची परवानगी आणि शुल्क लागते. वाटपपत्र, भाडेपट्टा करार, आधीच्या प्रत्येक विक्रीचा नोंदणीकृत करार, प्रत्येक वेळची सिडकोची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीचे भागपत्र, अशी साखळी अखंड असायला हवी. एखादा दुवा 'वटमुखत्यारपत्रावर' झालेला आढळला तर तिथेच थांबावे. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. सिडकोच्या सोडतीतल्या घरांना ठरावीक काळ विक्रीला बंदी असते, तेव्हा ही वाट अनेकजण धरतात. 'सगळेच असे करतात' हा काही पुरावा नव्हे.

गावठाणाचा विषय जरा थांबून समजून घेतला पाहिजे. जमीन गेलेली आगरी-कोळी कुटुंबे हीच या शहरातली सुरुवातीची घरमालक मंडळी. शेती आणि मिठागरे गेली, कुटुंबे वाढली, तेव्हा घराशेजारी खोल्या बांधून त्या भाड्याने देणे हा अनेकांचा चरितार्थ झाला. शहर बांधणारा मजूर, बाजार समितीतला हमाल, नवा कारकून, सगळे आधी गावातल्या खोलीत राहिले. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या भूखंडांवरच्या इमारतींत सिडको, मूळ भूखंडधारक आणि विकासक यांच्यातला त्रिपक्षीय करार असतो. तो पाहायला मागावा.

पण गावांच्या भोवती परवानगीविना उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती ही वेगळी बाब आहे. ग्रामस्थांनी गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचे शासकीय निर्णय झाले आहेत. त्यांच्या प्रश्नाकडे सहानुभूतीने पाहायलाच हवे. बाहेरून गुंतवणूक करायला आलेल्या माणसाने मात्र त्या निर्णयांवर भरवसा ठेवून स्वस्तातला फ्लॅट घेऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१५ साली दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईची वेळ आली, तेव्हा अडकले ते आयुष्याची कमाई घालून घर घेतलेले लोक. वीजमीटर आहे, कराची पावती आहे, एवढ्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही. निम्म्या किमतीतले घर निम्म्या किमतीत का मिळते, हे विचारणे एवढेच आपल्या हातात असते. नव्या प्रकल्पात घेत असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घालून ताबा देण्याची तारीख आणि चटई क्षेत्र पाहावे. भाडेकरू चटई क्षेत्रात राहतो, 'सुपर बिल्ट-अप'मध्ये नाही.

घर मिळाले, भाडेकरूही मिळाला, आता करार. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार का करतात, असे पुष्कळजण विचारतात. भाडेनियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्याने मुंबईत भाडेकरूला इतके संरक्षण दिले की एकदा आत आलेला माणूस निघत नसे. म्हणून मालकांनी 'भाडे' हा शब्द टाळून 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे केवळ वापराची परवानगी द्यायला सुरुवात केली. तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेले असे परवानाधारकही भाडेकरू मानले गेले. मालकांच्या मनातली धास्ती त्या तारखेची आहे. तिच्यापायी कित्येक कुटुंबांनी घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवली. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने ही धास्ती बरीचशी दूर केली. कराराची मुदत संपल्यावर परवानाधारक गेला नाही, तर मालकाला दिवाणी न्यायालयात वर्षे घालवावी लागत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

परंतु हे संरक्षण मिळते ते लेखी करारावर. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला' हा समज महाराष्ट्रात खोटा आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून भागत नाही, ते यामुळे. आणि खर्च तरी किती? आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे १ लाख ८७ हजार, अनामत ५० हजार धरली, तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आत बसते, नोंदणीचे हजार रुपये वेगळे. ही नोंदणी घरबसल्या संगणकावरून होते.

नवी मुंबईत 'हेवी डिपॉझिट' नावाचा एक प्रकार चालतो. मालक चार-पाच लाख रुपये एकरकमी घेतो आणि भाडे घेत नाही किंवा नाममात्र घेतो. मालकाला पैशाची नड असते, भाडेकरूला दरमहाचा खर्च टळतो. नवशिक्याने यात पडू नये. मुदत संपते त्या दिवशी ती रक्कम उभी करावी लागते, आणि ती तोवर कर्जात किंवा लग्नात खर्च झालेली असते. मग मालक नवा भाडेकरू मिळेपर्यंत जुन्याला थांबवतो. घर सोडायला तयार असलेला भलाबुरा माणूस पैशांसाठी घरात अडकून पडतो. यात त्याची चूक नसते. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत घ्यावी आणि ती बँकेत वेगळी ठेवावी.

भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला देणे आवश्यक आहे. तीही ऑनलाइन देता येते. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने द्यायला पूर्वपरवानगीची गरज नाही. कराराची आणि पोलिसांना कळवल्याची प्रत मात्र सोसायटीला द्यावी लागते. नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा निर्णय २००१ चा आहे. तरीही काही ठिकाणी महिना दोन-दोन हजार मागतात. अविवाहित मुलांना जागा द्यायची नाही असे ठराव करणाऱ्या सोसायट्याही आहेत. घर घेण्याआधीच सचिवांना भेटून हे विचारून घ्यावे, कारण आपण हेरलेला भाडेकरू नेमका तोच असू शकतो. पुनर्विकासाची चर्चा चालू आहे का, तेही त्याच भेटीत विचारावे.

प्राप्तिकराचे थोडक्यात सांगतो. मिळालेल्या भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट सूट मिळते, मग दुरुस्तीवर खर्च झालेला असो वा नसो. आपल्या उदाहरणात १ लाख २६ हजार ७०० रुपये करपात्र ठरतील. कर्ज असेल तर त्यातून व्याजही वजा होते. मात्र नव्या करप्रणालीत व्याजामुळे येणारा तोटा पगारातून वजा करता येत नाही. आणखी एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का कर खरेदीदाराने कापून सरकारजमा करायचा असतो.

चावी देताना घरातल्या पंख्यांची, दिव्यांची, गिझरची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात, भिंतींची छायाचित्रे काढावीत आणि वीजमीटरचा आकडा त्याच कागदावर लिहावा. घर सोडताना हीच यादी समोर धरायची आणि अनामत त्याच दिवशी परत करायची. वेळेवर अनामत परत करणाऱ्या मालकाला पुढचा भाडेकरू बहुधा जुना भाडेकरूच आणून देतो, आणि मग एजंटाची दलाली तेवढी वाचते.